विचारणारे कोणी नसते तेव्हा…

(उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर एका तरुण अभियंत्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मी मूळचा सांगलीचा. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन २०१९ च्या शरद ऋतूत मी जर्मनीतील आखेन या शहरी पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलो आणि २०२२ मध्ये ते शिक्षण पूर्ण केले. तीन वर्षांच्या मुक्कामावरून एखाद्या देशाविषयी निवाडा देण्याचा अधिकार कोणाला प्राप्त होत नाही. त्यामुळे 'तिकडे सारे उत्तम' किंवा 'आपलेच सारे श्रेष्ठ' यांपैकी कोणताही निष्कर्ष घेऊन मी आपल्यासमोर उभा नाही. विद्यार्थी म्हणून जे पाहिले आणि जे अनुभवले, त्यातून हाती आलेली एकच गोष्ट आपल्यासमोर ठेवावी, एवढाच हेतू आहे.

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडील पालक साधारणपणे तीन प्रश्न विचारतात. खर्च किती येईल? जेवणाखाण्याचे काय? आणि पुढे नोकरी लागेल ना? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आयुष्यभराची पुंजी मोडून किंवा घर तारण ठेवून मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांनी ते विचारलेच पाहिजेत. परंतु या तिन्हींच्या मागे एक चौथा प्रश्न उभा असतो आणि तो सहसा कोणी विचारत नाही. 'आमच्या मुलाला विचारणारे कोणी नसेल, तेव्हा तो काय करील?' माझ्या अनुभवाने सांगतो, परदेशी शिक्षणाचे यशापयश बहुतांशी या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

आधी हिशेब

तरीही आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्याबाबत गैरसमज फार आहेत. 'जर्मनीत शिक्षण फुकट आहे' असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. तेथील बहुतेक राज्यांतील शासकीय विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, हे खरे. आखेन ज्या राज्यात येते, त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलियामध्ये २०११ पासून ते नाही. सहामाही वर्गणी म्हणून सुमारे तीनशे युरो भरावे लागतात आणि त्यात रेल्वे-बसच्या प्रवासाचाही समावेश असतो. परंतु बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सहामाहीस दीड हजार युरो शुल्क लावले आहे आणि खासगी विद्यापीठांचे दर तर वेगळेच असतात.

शुल्क नसले तरी राहण्याचा खर्च चुकत नाही. व्हिसा मिळण्यापूर्वी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम 'ब्लॉक्ड अकाउंट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खात्यात भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, अशी ठरवण्यात आली. रुपयांत हा आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. त्याशिवाय आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली शैक्षणिक कागदपत्रे आधी तपासून प्रमाणित करून घ्यावी लागतात. 'तिकडे गेल्यावर काम करून सारे भागेल' असे सांगणारे दलाल भेटतील. शिकत असताना काम करण्यास परवानगी आहे, पण मर्यादित दिवसांची. २०२४ पासून ती वर्षाला १४० पूर्ण दिवस आहे. तिच्या भरवशावर सगळा संसार उभा करू पाहणाऱ्याचा अभ्यास बुडतो. ज्या कामातून विषयाचे ज्ञानही वाढते, असे विद्यापीठातील संशोधन साहाय्यकाचे काम मिळाले, तर मात्र ते अवश्य करावे.

जेवणाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ज्याला कुकर लावता येतो, पोळी लाटता येते आणि भांडी घासण्याची लाज वाटत नाही, तो जगात कोठेही सुखाने जेवतो. मुलगा असो वा मुलगी, हे शिक्षण घरीच व्हावयास हवे.

तीन संधी

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे विद्यार्थ्याभोवती विचारणाऱ्यांचे एक कडे असते. महाविद्यालयात हजेरी असते, अंतर्गत चाचण्या असतात, शिकवणीचे सर असतात आणि घरी 'आज काय झाले?' म्हणणारी आई असते. या कड्याचा जाच होतो, पण त्याच्या आधाराने आपण उभे असतो, हे ते सुटल्याशिवाय कळत नाही.

आखेनचे तंत्रविद्यापीठ १८७० साली स्थापन झाले. अभियांत्रिकीच्या क्षेत्रात त्याचा मोठा लौकिक आहे. तेथील व्याख्यानकक्षात शेकडो विद्यार्थी बसतात. बहुतेक व्याख्यानांना हजेरी घेतली जात नाही. तुम्ही आलात काय, न आलात काय, प्राध्यापकांना त्याची दखल घेण्याचे कारण नसते. व्याख्यान संपले की टाळ्यांऐवजी बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करण्याची पद्धत आहे. ती टकटक झाली की ज्याने त्याने आपल्या वाटेने जायचे. परीक्षेला बसायचे तर नाव आपणच नोंदवायचे, तयारी नसेल तर मुदतीत ते आपणच काढून घ्यायचे. बऱ्याच विषयांत सत्राच्या शेवटी एकच परीक्षा, तीच सारे ठरवते. गुणांची पद्धतही आपल्या उलट आहे. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण.

अनुत्तीर्ण झालात तर पुन्हा बसता येते. परंतु सर्वसाधारणपणे एका विषयाला तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसरी संधीही गेली, तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतील दुसऱ्या विद्यापीठात जाऊन पुरा करण्याची वाटही साधारणतः बंद होते. आपल्याकडे 'एटीकेटी'च्या आधाराने वर्षे काढता येतात, तशी सोय तेथे नाही.

याला क्रूरता म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका स्वतः पाहण्याचा अधिकार तेथे प्रत्येकाला आहे. गुण कमी का पडले, हे परीक्षकासमोर बसून विचारता येते आणि आपले म्हणणे बरोबर असेल तर गुण वाढवलेही जातात. प्रश्न विचारणाऱ्याला कोणी उद्धट समजत नाही. मार्गदर्शन आहे, समुपदेशन आहे, अडचणीतील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालये आहेत. मात्र त्या दारावर थाप आपण मारायची असते. ते दार आपल्यापर्यंत चालत येत नाही.

आमच्या वसतिगृहात महाराष्ट्रातीलच एक विद्यार्थी होता. बुद्धीने तल्लख, गावाकडे कायम पहिला आलेला. पहिल्या सत्रात एका विषयात तो अनुत्तीर्ण झाला, पुढच्या खेपेस पुन्हा तेच झाले. मार्च २०२० पासून महासाथीमुळे वर्ग बंद होते, व्याख्याने पडद्यावर आली होती आणि दहा-बारा चौरस मीटरच्या खोलीत एकेक विद्यार्थी एकटा पडला होता. हा दर रविवारी घरी दूरध्वनी करी आणि 'सगळे छान चालले आहे' असे सांगे. सुमारे आठ महिने हे चालले. घरी कर्ज होते, धाकट्या बहिणीचे शिक्षण व्हायचे होते. खरे सांगण्याचे धैर्य त्याला होईना. तिसरी संधीही गेली, तेव्हा वसतिगृहातील आम्ही दोघातिघांनी त्याला समुपदेशन कार्यालयात नेले आणि त्याच संध्याकाळी त्याने घरी सारे सांगितले.

त्याचे वडील निवृत्त शिक्षक. ते रागावले नाहीत. "परत यायचे असेल तर ये, तिथेच दुसरे काही शिकायचे असेल तर शीक, पण यापुढे आम्हाला खरे सांगत जा," एवढेच म्हणाले. त्याने जवळचा दुसरा अभ्यासक्रम घेतला आणि पूर्ण केला. आज तो नोकरीत आहे. परंतु ते आठ महिने आठवले की मला अजूनही भय वाटते. सगळ्याच मुलांजवळ त्या संध्याकाळपर्यंत कोणी पोहोचते असे नाही.

पालकहो, यात परीक्षेतील अपयश ही लहान गोष्ट आहे. अपयश घरी सांगता न येणे, ही मोठी गोष्ट आहे. आपल्या घरात मुलाला अपयश सांगण्याची मुभा आहे काय, हा प्रश्न विमानाचे तिकीट काढण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

भाषेचे दार

दुसरी गोष्ट भाषेची. पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत असतो, मग जर्मन कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु वर्ग इंग्रजीत असला तरी शेजारी, दुकानदार, डॉक्टर आणि नगरपालिकेचे कार्यालय जर्मन बोलते. ज्याला जर्मन येत नाही, तो त्या देशात राहूनही त्या देशाच्या बाहेरच राहतो.

या बाबतीत मराठी माणसाचे एक भाग्य आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, ती इंग्रजी माध्यमात वाढलेल्याला जड जातात. आपल्याला 'तो, ती, ते' जन्मापासून ठाऊक असतात. जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, याचे सर्वांना हसू येते. पण आपल्या कोकणात 'ता चेडू' असेच म्हणतात. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये आहे. कोणाला 'तू' म्हणावे, कोणाला 'तुम्ही' आणि 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी यावे, याचा संकोच आपल्याइतकाच त्यांनाही असतो. जिच्या व्याकरणाला कंटाळून शाळेत आपण पुस्तक मिटले होते, ती मायबोलीच परक्या देशात किल्ली म्हणून उपयोगी पडली.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. तेथे कारखान्यातील जोडारी शिकणारा मुलगाही आपले शास्त्र आपल्या भाषेत शिकतो. आठवड्यातील काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस व्यवसायशाळेत, अशी त्यांची शिक्षणपद्धती आहे. यंत्राच्या प्रत्येक भागाला त्यांच्या भाषेत नाव आहे आणि ते नाव कामगार व प्राध्यापक दोघेही वापरतात. आपल्याकडे कामगार एका भाषेत बोलतो आणि अभियंता दुसऱ्या. मधल्या दरीत किती ज्ञान सांडते, याचा विचार आपण करावयास हवा.

न बोलावता आलेली माणसे

'विचारणारे कोणी नसते' याचा अर्थ तेथील माणसे कोरडी आहेत, असा कोणी करू नये. स्थानिक गाडीत चढताना फाटक नसते. तिकीट काढणे तुमच्या सचोटीवर सोपवलेले असते. तपासनीस क्वचित येतो, पण विनातिकीट सापडलात तर साठ युरो दंड. आखेनहून थोड्याच अंतरावर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या सीमा एका टेकडीवर मिळतात. एका दगडाभोवती फेरी मारली की तीन देश पायाखालून जातात. दोन महायुद्धे पाहिलेल्या त्या भूमीवर मी शिकत होतो तेव्हा पारपत्र विचारायला सहसा कोणी उभे नसे.

जुलै २०२१ मध्ये या समाजाची दुसरी बाजू पाहावयास मिळाली. १४ आणि १५ जुलै रोजी पश्चिम जर्मनीत अतिवृष्टी झाली. आर नदीच्या खोऱ्यात हाहाकार उडाला. आखेनच्या शेजारची श्टोलबर्ग आणि एशवायलर ही गावे पाण्याखाली गेली. जर्मनीत १८० हून अधिक माणसे दगावली. मी सांगलीचा माणूस. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेलेली पाहून मी घर सोडले होते. पूर ओसरल्यावर घरात उरणारा तो चिखल आणि त्याचा वास मला परका नव्हता.

पाणी उतरताच आम्ही काही विद्यार्थी फावडी आणि बादल्या घेऊन श्टोलबर्गला गेलो. वाटले होते, तेथे कोणीतरी नावे लिहून घेईल आणि कामे वाटून देईल. तसे कोणी भेटले नाही. रस्त्यावर शेकडो माणसे आधीच राबत होती. शेतकरी आपापले ट्रॅक्टर घेऊन आले होते. कोणी तळघरातील चिखल उपसत होते, कोणी रांग करून बादल्या पुढे देत होते. एका वृद्ध बाईंच्या घरातून आम्ही दोन दिवस गाळ काढला. आम्ही कोठले, कोणत्या देशाचे, हे त्यांनी पहिल्या दिवशी विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला कॉफी देताना विचारले. माझ्या गावालाही नदीने असेच बुडवले होते, हे मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितले, तेव्हा त्या काही क्षण माझा हात धरून उभ्या राहिल्या. त्याच महिन्यात सांगलीत कृष्णेला पुन्हा पूर आला. तिकडे माझ्या घरच्यांच्या मदतीला धावलेली माणसेही अशीच न बोलावता आलेली होती. सेवेला कोणाचे आमंत्रण लागत नाही, हा संस्कार आपणही जाणतो. तो दुसऱ्या भूमीवर भेटला, याचे मला समाधान वाटले.

बॉन आणि बर्लिन

सुट्टीत मी फिरलो. प्रवास म्हणजे छायाचित्रे नव्हेत. कोठे गेलो यापेक्षा काय पाहण्यासाठी गेलो, हे महत्त्वाचे. बॉन येथे मी मुद्दाम गेलो, कारण जर्मनीतील भारतविद्येचे पहिले अध्यासन १८१८ साली तेथील विद्यापीठात सुरू झाले. ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल हे त्याचे पहिले प्राध्यापक. त्यांनी १८२३ मध्ये भगवद्गीतेची संस्कृत संहिता लॅटिन अनुवादासह प्रसिद्ध केली. भारतात कधीही न आलेल्या एका माणसाने केवळ जिज्ञासेपोटी आपली भाषा आणि लिपी आत्मसात केली. आपण त्यांच्या देशात जाताना त्यांच्याविषयी एवढी जिज्ञासा घेऊन जातो काय?

दुसरे स्थळ बर्लिनमधील. डालेम या उपनगरात 'इन्ने' नावाच्या रस्त्यावर बावीस क्रमांकाची एक इमारत आहे. आज तेथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. १९२७ साली तेथे मानववंशशास्त्राची एक संस्था सुरू झाली आणि तिचे संचालक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाच्या विचारसरणीला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांपैकी ते एक. पुढे नाझी काळात या संस्थेचा संबंध आउश्वित्झच्या छळछावणीतील अमानुष प्रयोगांशी आला. त्या पापाची कबुली देणारा फलक १९८८ मध्ये त्या इमारतीवर लावण्यात आला आहे. स्वतःच्या इतिहासातील काळे पान दारावर लिहून ठेवण्यास धैर्य लागते.

मी तेथे गेलो तो एका मराठी विद्यार्थिनीच्या शोधात. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि याच फिशर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता. युरोपीय माणसाची कवटी या बाबतीत इतरांहून वेगळी असते आणि त्याच्या बुद्धीशी त्याचा संबंध आहे, अशी त्यांच्या मार्गदर्शकांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. मोजमापातून तसा भेद निघाला नाही. तेव्हा त्यांनी तसा भेद नाही, असेच आपल्या प्रबंधात लिहिले. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

प्रसंगाचा विचार करा. परका देश, परकी भाषा, कर्जाऊ पैशांवर चाललेले शिक्षण, पदवी ज्यांच्या हाती ते मार्गदर्शक आणि वय जेमतेम पंचविशीच्या आसपास. मार्गदर्शकांना हवे ते लिहिले असते, तर कोणी विचारणारे नव्हते. पण त्यांनी जे दिसले तेच लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी जे काम केले, ज्या निर्भयतेने 'युगान्त' लिहिले, त्या निर्भयतेची पहिली परीक्षा बर्लिनमध्ये झाली होती. विचारणारे कोणी नसते तेव्हा काय करावे, याचे उत्तर मला त्या इमारतीसमोर मिळाले.

शेवटी दोन विनंत्या

पालकांना माझी विनंती आहे, की मुलाला पाठवण्याआधी वर्षभर त्याला घरातच थोडे स्वातंत्र्य द्या. महिन्याचा खर्च त्याच्या हाती द्या आणि हिशेब त्याला ठेवू द्या. बँकेत, सरकारी कार्यालयात त्याला एकट्याला जाऊ द्या. त्याच्या चुका त्याला निस्तरू द्या. आणि तो दूर गेल्यावर दर रविवारी 'गुण किती पडले?' एवढेच न विचारता 'या आठवड्यात कठीण काय गेले?' हेही विचारा.

तरुण मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. कर्तव्य म्हणून केलेला अभ्यास आणि भीतीपोटी केलेला अभ्यास यांतील फरक तिकडे पहिल्या सहा महिन्यांत उघड होतो. तिथली भाषा शिका, स्वयंपाक शिका, अडचण आली तर त्या दारावर वेळेवर थाप मारा. परत या किंवा तिथे राहा, तो निर्णय तुमचा. पण जेथे असाल तेथे, कोणी पाहत नसताना तुमची वागणूक जशी असेल, तशीच तुमच्या घराची, गावाची आणि देशाची ओळख तेथील लोकांच्या मनात राहील.